पेटीबंदीचा दिवस

आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर चारचौघांसारखं आहे. दूध, गॅस, चतुर्थी. ह्यांच्या डोक्यातलं कॅलेंडर मात्र वेगळंच. तिथे प्रत्येक तारखेला कुणीतरी गवई जन्मलेला असतो, नाहीतर गेलेला असतो, नाहीतर कुठेतरी एखादी मैफल रंगलेली असते. सकाळी तोंड धुऊन आले की ह्यांचा पहिला प्रश्न, "आज काय आहे, ठाऊक आहे का?" मला ठाऊक असायचं की आज पाणी उशिरा येणार आहे. ह्यांना ते उत्तर नको असायचं.

ऐकणारं गिऱ्हाईक ह्यांना खांदा कॉलनीतल्या बागेत मिळालं. निवृत्त मंडळींचा तिथे सकाळचा कट्टा असतो. आधी हातपाय हलवायचे, मग गुडघ्यांच्या तक्रारी, आणि मग ह्यांचा 'आजचा दिवस'. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर गाणं संपताना गाणारी बाई स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची, कारण तबकडी घडवणाऱ्या परदेशातल्या लोकांना ती कोण हे कळायला हवं, ही गोष्ट हे अशी सांगायचे की जणू त्या रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर सतरंजी ह्यांनीच अंथरली होती. शेवटी एखादी ओळ गाऊनही दाखवायचे. मी चेष्टा करायचे, पण खरं सांगते, मला ह्यांचं फार कौतुक वाटायचं. जन्मभर गोदीत कारकुनी केलेला माणूस, कुणी न सांगता, इतक्या लोकांची आठवण ठेवत होता.

कट्ट्यावर ह्यांना अडवणारा एकच माणूस होता. आम्ही सगळे त्यांना बुवा म्हणतो. मूळचे बेलपाड्याचे, आता मुलाबरोबर आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात. गावच्या भजनात लहानपणापासून पेटी वाजवतात आणि अजूनही दर एकादशीला पेटी घेऊन गावी जातात.

एक मार्चला ह्या दोघांचं भांडण ठरलेलं. १९४० साली त्या दिवसापासून रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. कारण असं की, आपला सूर एका जागी उभा राहत नाही, तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आणि पेटीच्या पट्ट्यांना घसरणं माहीत नाही. गाण्याच्या बाबतीत आमचे हे नाकानं कांदे सोलणारे. त्यांना ही बंदी शंभर टक्के मान्य. तोडी रागातला गंधार तर पेटीत सापडतच नाही, तो पट्टीच्या जरासा खाली कुठेतरी असतो, असं ते सांगायचे आणि लगेच गाऊन सिद्ध करायचे.

"रेडिओनं बंदी घातली, देवानं नाय घातली," बुवा उसळून म्हणायचे. "आमच्या देवलात पेटी एक दिस बंद नाय पडली."

मग दोघं एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी शेजारी बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला, बोलणं परत आलं नाही. समजायचं सगळं. बोलायला तोंड उघडायचे आणि "ते... ते..." एवढंच यायचं. पुन्हा बोलायला शिकवायला एक मुलगी यायची. ती कपाचं चित्र दाखवायची, कंगव्याचं दाखवायची. हे चित्राकडे बघायचे, डोळे भरायचे आणि चित्र उलटं करून ठेवायचे. गाणं तर नावालाही उरलं नाही. मी रेडिओ लावला की हात हलवून बंद करायला लावायचे.

ह्यांच्या बडबडीला वैतागून मी कितीदा कानांवर हात ठेवले असतील. आता ते घर इतकं गप्प झालं की मला कुकरच्या शिट्टीचा आधार वाटायला लागला. हा माणूस आपल्याशी पुन्हा कधीच बोलणार नाही, ह्या विचारानं मला धडकी भरायची. आमच्या मुलाला फोनवर मात्र मी "सुधारणा आहे" असंच सांगत होते.

बुवा रोज यायचे. आले की समोर बसून 'आजचा दिवस' सांगायचे, आणि हमखास चुकीचा सांगायचे. ह्याचा जन्म त्याला, ह्याचं घराणं भलत्यालाच. हे कपाळाला आठ्या घालून ऐकायचे. त्या आठ्यासुद्धा मला बऱ्या वाटायच्या.

एक मार्चला बुवा पेटी घेऊनच दारात उभे राहिले.

"वैनी, आज पेटीबंदीचा दिस. आज आमी वाजवनार. कोन थांबवतंय ते बघू."

ह्यांच्या दिवाणाशेजारी खाली बसून त्यांनी भाता उघडला आणि चक्क तोडी सुरू केली. बागेत रोज ऐकून ह्यांचीच बंदिश त्यांनी बोटांत बसवली होती. गंधार आला. हे कळ आल्यासारखे हलले. पुन्हा तो गंधार. ह्यांनी डावा हात उचलून नको नको केलं. बुवांचं लक्ष पेटीत, त्यांनी पुन्हा तेच वाजवलं. ह्यांचा चेहरा लाल झाला. मी "बुवा, राहू द्या आता" म्हणायला पुढे झाले, तेवढ्यात ह्यांनी गंधार लावला.

पट्टीच्या जरासा खाली. मग त्यावरून सावकाश खाली येत अख्खा मुखडा गायला, शब्दांसकट. ज्या माणसाला तीन महिने 'पाणी' म्हणता येत नव्हतं, त्याच्या तोंडून अख्खी ओळ आली. बुवांनी हात काढून घेतले आणि ते ओरडलेच, "आता बोला सायेब!"

ह्यांनी तोंड उघडलं. "ते... ते..."

त्या क्षणी मला जेवढं रडू आलं तेवढं झटक्याच्या दिवशीही आलं नव्हतं.

बुवा जायला निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं, मुद्दाम चुकीचं वाजवलंत का? ते खजील झाले. "नाय हो वैनी. मना येतंय तेवरंच वाजवलं."

शिकवणाऱ्या मुलीला मात्र हे ऐकून आनंद झाला. गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, म्हणाली, तिकडून शब्द आणता येतील. रोजची वाक्यं चालीत बसवायची. मग सुरू झाली आमची शाळा. बुवा पेटीवर सूर धरायचे आणि हे गायचे, पाणी दे, चहा हवा, पंखा लाव. ज्या पेटीला आयुष्यभर नावं ठेवली तिच्याच मागून हे मुकाट चालत होते. भाजीत मीठ कमी आहे हे विलंबित लयीत ऐकून घ्यायला फार संयम लागतो, पण मी ऐकायचे. बुवांच्या चिकाटीला तर मी मनातल्या मनात रोज नमस्कार करायचे.

तरी ती शिकवलेली वाक्यं होती. बसवून घेतलेली. ह्यांच्या मनात काय चाललंय ते त्यातलं एकही वाक्य मला सांगत नव्हतं.

मे महिन्यातली एक दुपार. मी ओट्याशी उभी राहून कैऱ्या चिरत होते. त्या दिवशी सकाळपासून मी बसलेच नव्हते. हे भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि गुणगुणायला लागले. सूर सापडत नव्हता, दोनदा थांबले. चहा हवा असेल म्हणून मी मागे न वळताच आधण ठेवलं.

"द... म... ली... स," ह्यांनी गायलं.

हे वाक्य आम्ही बसवलं नव्हतं. बुवांनी नाही, त्या मुलीनं नाही, मी तर नाहीच.

मी गॅस बंद केला आणि वळले. "हो," म्हटलं, "फार दमले."