धाकटीच्या विजारीची शिवण

"मोठीला नको नेऊस. ती चार माणसांत तोंड शिवल्यासारखी बसते."

"आणि धाकटी काय मोठा उजेड पाडणार आहे?"

"ती हसते तरी! लोकांना हसणारं माणूस लागतं गं. शिवणारं घरात ठेवावं."

नात्यातल्या लग्नाला कुठल्या सुनेला न्यायचं यावरून सख्खी सासू आणि चुलत सासू स्वयंपाकघरात भांडत होत्या. दाराआड थोरली सून हातात सुई धरून उभी, दोरा ओवायचंच विसरलेली. चुलत सासू जिंकली, धाकटी लग्नाला गेली, भांडण तिथं मिटलं. सासवा विसरल्या, पुढे देवाघरीही गेल्या. थोरलीनं मात्र ते बोलणं घडी घालून मनाच्या तळाशी ठेवलं आणि अधूनमधून ऊन दाखवत राहिली. धाकटी शेजारणींत हसली की हिच्या पोटात दुखायचं. बरं, धाकटी वाईट असती तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं. ती होती लाघवी. अशा माणसाचा हेवा करणं फार जिकिरीचं काम.

दोघी एकाच इमारतीत राहायच्या, थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या. थोरलीचं शिवणाचं मशीन खिडकीशी. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर हिच्या हातचं शिवण. आणि एका वर्षी तिचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. कापड पसरून कात्री चालवताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी नाही सुटायचा. जिमला जा, कप्पीवरची दोरी ओढा रोज. नाहीतर मशीन विकायची तयारी ठेवा."

मशीन विकायची! माहेरून आलेलं एवढं एकच तर होतं तिच्या हक्काचं. गेली बाई निमूटपणे जिमला.

जिम होती गल्लीच्या टोकाला, रंगाच्या दुकानावर. दुपारची वेळ बायकांची. तिथं एक घोळका होता, वर्षानुवर्षं येणारा. त्यांच्या म्होरक्या बाईंना थोरलीनं मनातल्या मनात राणीसरकार नाव दिलं. बाकीच्या त्यांच्या मागेपुढे. नव्या बाईकडे बघायचं नाही, असा जणू ठरावच. थोरलीनं पहिल्या दिवशी "येते हं मी रोज" म्हटलं, तर त्या तिच्या खांद्यावरून पंख्याकडे बघत राहिल्या.

आणि त्यांची एक रीत होती. पाणी प्यायला नाहीतर गप्पांना गेलं की यंत्रावर आपला नॅपकिन टाकून जायचं. नॅपकिन असेल तोवर ते यंत्र त्या बाईचं, मग ती तासाभरानं का येईना. हे थोरलीला कोण सांगणार? कप्पीच्या दोरीवर राणीसरकारांचा नॅपकिन लटकत होता, आणि त्याच्या काठाला एक दोरा सुटलेला. आता आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाईला सुटलेला दोरा दिसला की हात शांत राहतो होय? तोडायला म्हणून तिनं ओढला. दोरा काही तुटेना, सरसर येतच राहिला. राणीसरकार पाणी पिऊन आल्या तेव्हा अख्खा काठ उसवून थोरलीच्या बोटाभोवती गुंडाळलेला.

"हे काय चाललंय?"

"दोरा निघाला होता. मी देते ना शिवून."

"काही नको. ठेवा." आणि मैत्रिणींकडे वळून, "आता आपल्या वस्तू सांभाळा गं बायांनो."

त्या दिवसापासून कप्पी कधी रिकामी दिसली नाही. थोरली जवळ गेली की कुणाचा ना कुणाचा नॅपकिन वर हजर. ती बिचारी भिंतीशी हात टेकवून बोटं वर सरकवत बसायची आणि घरी यायची.

"असं कसं?" धाकटी म्हणाली. "मी येते ना ताई तुमच्यासोबत. दोघी असलो की कोण काय करतंय!"

इथंच थोरलीनं नको म्हणायला हवं होतं.

धाकटी आली, चालायच्या पट्ट्यावर चढली, बटण भलतंच दाबलं आणि मागे मागे येत थेट राणीसरकारांच्या पायाशी बसली. वर बघून म्हणाली, "एवढ्या लांब चालून शेवटी तुमच्याकडेच आले बघा!" झालं. घोळका हसून हसून वाकला. आठवडा सरला नसेल, तिच्यासाठी जागा धरली जाऊ लागली. "आमची धाकटी आली का गं?" आमची! थोरलीच्या अंगाचा तिळपापड. घरच्यांची आधीच लाडकी असलेली धाकटी आता बाहेरच्यांनीही वाटून घेतली होती. धाकटी बोलवायची, "ताई, या ना इकडे," पण त्या 'या ना'नं तर जास्तच झोंबायचं. दुसरीच्या ताटातला घास कोण खाणार?

धाकटीमुळे कप्पी तेवढी मिळू लागली. तिचं नाव सांगून. हात हळूहळू वर जाऊ लागला, आणि जळफळाटही.

मग धाकटीनं कापड आणलं. "ताई, व्यायामाला एक सैलशी विजार शिवून द्या. तुमच्यासारखी कुणाला जमत नाही."

विजारीला आसनाची शिवण असते. उठताबसताना सगळा ताण तिथं येतो, म्हणून तिथं दुहेरी टीप मारायची. थोरलीनं एकेरी मारली, तीही लांब टाक्यांची. मशीन चालवताना तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभं होतं: धाकटी उठाबशा काढतेय, टर्रकन आवाज येतो, घोळका हसतो, आणि या खेपेला धाकटी हसत नाही. विजार इस्त्री करून, हसून दिली.

दुसऱ्या दिवशी धाकटी नवी विजार घालून घोळक्यात उभी राहिली. उठाबशा सुरू झाल्या. थोरली कप्पीची दोरी धरून बघत होती. धाकटी खाली बसली की हिचा श्वास अडकायचा, उठली की सुटायचा. शिवण ताणलेली हिला लांबूनही दिसत होती. टाके एकेक करून तोंड उघडायला लागले होते. जे हवं होतं तेच घडत होतं, आणि हिला बघवेना.

"ऊठ!" ती ओरडली. "चल आत."

"अहो ताई, मध्येच काय?"

"सांगितलं ना, चल."

हाताला धरून तिनं धाकटीला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, पिशवीतून सुईदोरा काढला. "काढ ती विजार. टॉवेल गुंडाळ." आणि बाकावर बसून पक्के, बारीक टाके घालू लागली.

धाकटीनं आधी शिवणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, तुमच्या हातून एकेरी टीप कशी गेली?"

थोरली मान खाली घालून शिवत राहिली.

"मुद्दाम?"

"हो."

"एवढा राग आहे माझ्यावर?"

"राग नाही गं. तू हसलीस की सगळे तुझे होतात. मी जन्मभर बघतेय."

"मग उसवू का नाही दिलंत?"

"शिवण माझी आहे हे सगळ्यांना कळलं असतं," थोरली म्हणाली. मग दोरा दातानं तोडत, "आणि तुझं तोंड बघवलं नसतं."

धाकटीनं विजार चढवली, ती दारापर्यंत गेली, आणि खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून थोरली उठली, तर बाई हसत होती! बाहेर जाऊन तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं, हातवाऱ्यांसकट. "माझी जाऊ बघा, आधी मला उघडी पाडायला निघाली, मग स्वतःच पळत आली झाकायला!"

जिम दणाणली. म्हणजे थोरलीच्या लबाडीवरही हशा मिळाला तो धाकटीलाच. थोरली दारात चोरासारखी उभी.

तेवढ्यात राणीसरकार शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी पंख्याकडे न बघता तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो बाई, माझ्या नणंदेला एक शिवाल का तसली?"

"तुमच्याकडेही आहे का कुणी अशी?"

"न सांगितलेलं बरं. आजारपणात माझ्या नवऱ्याला बघायला माणसं येतात, आणि बोलत बसतात तिच्याशी!"

दोघी त्या दिवशी बाकावर बराच वेळ बसल्या. नणंदेची विजार काही शिवली गेली नाही, पण कप्पी मोकळी झाली, कुणाचं नाव न सांगता. उन्हाळा संपेपर्यंत थोरलीचा हात डोक्यावरच्या फळीला लागला. मशीन खिडकीशी राहिलं.

हेवा मात्र गेला नाही. म्हातारपणापर्यंत पुरला. व्यायाम संपला की धाकटी जिन्यात गप्पांत अडकायची, आणि तिच्या घरचं दूध थोरलीलाच आणावं लागायचं. "हिच्या गप्पा आणि माझी हमाली," असं पुटपुटत ती डेअरीच्या रांगेत उभी राहायची. एका रात्री थोरली झोपेतच गेली. त्याआधीच्या संध्याकाळीही धाकटी जिन्यात कुणाला तरी हसवत होती. थोरलीनं दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या, एक धाकटीच्या दाराच्या कडीला लटकवली, गळत तर नाही ना म्हणून खालून हात लावून पाहिला, आणि पुटपुटत आपला जिना चढली.