सूक आंधळा व्हायची वाट

माझी लेक पाचवीत असताना ओट्यावर बसून घोकायची, कोणत्या ग्रहाला किती चंद्र. मी लसूण सोलत ऐकायची. पृथ्वीला एक, मंगळाला दोन, शुक्राला एकही न्हाई. "परत म्हण," मी म्हणलं. तिनं परत म्हणलं. बराबर झालं, मला वाटलं. त्या मेल्याजवळ कोणी राहूच नये.

शुक्राला आमच्याकडं सूक म्हणतात. नव्वद साली पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी वडीगोद्रीला आल्ते. लेक झाली. बारशाला तिचे वडील येणार होते, तर त्यांना काविळीनं धरलं. मंग शिमग्याच्या आधी धाकटा दीर जाफराबादहून न्यायला आला. चहाला हातसुद्धा लावला न्हाई त्यानं. म्हणला, "वहिनी, दादा सारखं पोरीचं नाव काढून राह्यलेत. डोळे पार पिवळे झालेत. जल्दी चला."

मी पिशवी भरायला घेतली, तर मोठे बाबा म्हणजे माझे थोरले चुलते उंबऱ्यात उभे. पाठवायचं न्हाई म्हणले. वडीगोद्रीहून जाफराबादला जायचं म्हणजे उत्तरेला, अन् त्या दिवसांत सूक पहाटे उगवतीला दिसायचा. म्हणजे उजव्या अंगाला. तान्हं घेऊन सासरी निघालेल्या बाईला सूक समोर नको अन् उजवाही नको, न्हाई तर लेकरू जातं म्हणतात. मोठ्या बाबांच्या लेकीचं तान्हं असंच सूक उजवा असताना सासरी नेल्यावर गेल्तं. माणूस वाईट नव्हता तो, भ्यालेला होता. पण त्याच्या भीतीचा खर्चा मी भरला.

वाट एकच होती. चंद्र रेवती नक्षत्रात आला की सूक आंधळा होतो. चंद्र मेष रास ओलांडीपर्यंत सुकाला काही दिसत न्हाई, तेवढ्यात बाईनं निघून जावं. अन् माझं नशीब बघा, ते दिवस परवाच सरले होते. आता चंद्र फिरून तिथं पाडव्याला येणार.

"मोठे बाबा, पाया पडते, जाऊ द्या."

"लेकराच्या जिवाशी खेळती का?" ते म्हणले. "पाडव्याला मीच सोडून येतो."

त्याच्यावर कोणती आई बोलंल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दीर रिकाम्या हातानं एसटीत बसला.

शिमगा गेला. रोज पहाटे मी पोरीला पाजत अंगणात बसायची. सूक तिथंच, लख्ख. चंद्र रोज झिजत त्याच्याकडं सरकत होता. जल्दी चल रे बाबा, मी म्हणायची, त्याच्या पलीकडं जा, रेवती गाठ. मला दुसरं काही दिसत नव्हतं. पोरीला न्हाऊ घालताना सुद्धा माझा जीव त्या चंद्राच्या चालीत.

पाडव्याला चार दिवस राह्यले अन् पहाटे दारात जीप लागली. जाफराबादची माणसं खाली उतरली अन् मोठ्या बाबांना बाजूला घेऊन गेली. मला कळलं.

मोठ्या बाबांनीच मला दंडाला धरून बसवलं अन् स्वतः पुढं बसले. पंचांग कोणी काढलं न्हाई. गाडी उत्तरेला लागली, तर उजव्या अंगाला चंद्राची बारीक कोर अन् तिला चिकटून सूक. सगळं बघत होता तो. मी मोठ्या बाबांना विचारलं, "आता चालतंय का?" ते रडायला लागले. मला त्यांची कीव आली न्हाई, अजून येत न्हाई.

जाफराबादला पोरीच्या वडिलांना भुईवर घेतलं होतं, बायांनी वाट करून दिली. सासूनं पोरीला माझ्याकडून घेतलं, तिचं टोपडं मागं सारलं अन् तिला त्यांच्या तोंडाशी धरलं. म्हणली, "बघ रे राजा, आली तुझी लेक."