शिडीचं औषध

फ्रीज दुरुस्त करणारी माणसं डोक्यानेही थंड असतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याने गारठ्याला एकदा भेटायला हवं होतं. गारठा हे त्याचं धंद्यातलं नाव. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. कुणाच्या फ्रीजचं दार नीट लागत नसलं की हा असा खवळायचा, की घरच्यांना वाटावं फ्रीज याचाच आहे. "टोमॅटो बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेत? गोठले ना! आता वितळले तरी लगदाच होणार. एकदा गोठलं की संपलं, ताई!" ज्या घरी जाई तिथे हे भाषण फुकट मिळे. थर्मामीटर तो वापरत नसे. हाताची पाठ आतल्या भिंतीला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल सहसा चुकत नसे, आणि त्याचा त्याला वाजवीपेक्षा जास्त अभिमान होता.

बायको त्याच्याहून चांगली वीतभर उंच. ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, दांड्या बसवायच्या, पडदे लावायचे. जिथे इतरांना स्टूल लागे तिथे तिचा हात सहज पोचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने सगळ्यात वरच्या फळीवरचा चहाचा डबा टाचासुद्धा न उचलता काढून दिला आणि गारठ्याने तिचं नाव शिडी ठेवून टाकलं.

"शिडी, डबा दे गं."

"घ्या. आणि काय हो, खाली हवा कशी आहे?"

हा एवढासा विनोद त्या घरात वर्षानुवर्षं चालला. डबा खालच्या फळीवर ठेवता आला असता, पण ठेवायचा कुणी? मूल झालं नाही. ते दुःख दोघांनी आपापल्या वाट्याचं गिळलं, आणि एकमेकांची थट्टा हाच घरातला गोंगाट राहिला.

एका दुपारी ती दुकानात शिंकली. नुसती शिंकली, आणि पाठीत काहीतरी कटकन मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा गारठ्यालासुद्धा कळलं, की रांगेतला एक मणका इतरांपेक्षा चपटा झालाय.

"हाडं आतून विरळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "पण उपाय आहे. पेप्टाइडचं इंजेक्शन. शरीर स्वतःच असे छोटे छोटे निरोप तयार करत असतं, त्यातलाच हा एक आपण बाहेरून द्यायचा. रोज एकदा हाडांना सांगायचं, बाबांनो, कामाला लागा. दबलेला मणका काही उठणार नाही, पण बाकीचे तग धरतील. फक्त एक सांभाळा. औषध थंड ठेवायचं. बाहेर राहिलं की वाया."

गारठा हसला. "डॉक्टर, हे तुम्ही मला सांगताय?"

इंजेक्शन जाड्या पेनासारखं होतं. सुई बसवायची, पोटाला लावायची, खटका दाबायचा. सोबतचा बारीक अक्षरांचा कागद त्याने घडीही न मोडता केरात टाकला. थंडीबद्दल त्याला कागदाने काय शिकवायचं!

स्वयंपाकघरातला फ्रीज त्याला या कामाला पटेना. दिवसभर उघडझाप, त्यात दुधाची पातेली. त्याने एका बंद पडलेल्या दुकानातून छोटा फ्रीज आणला, त्याचा कॉम्प्रेसर बदलला, दाराचं रबर बदललं, बाहेरून पांढरा रंग दिला आणि तो तिच्या पलंगाशेजारी ठेवला. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग त्याने आत बर्फाच्या बाटल्या रचल्या आणि थंडीचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला. दिवसभर वीज नसली तरी औषधाला झळ पोचता कामा नये, हा हिशोब. हाताची पाठ लावली तर हात चटकन मागे आला. खूश झाला गडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "हिच्या हाडांची तिजोरी आहे ही."

"बायका सुरकुत्या घालवायला असलंच काहीतरी टोचून घेतात म्हणे," ती म्हणायची. "माझी सुरकुती नेमकी मणक्यातच निघाली."

रोज सकाळी ती पेन काढायची आणि पदराखाली दोन्ही मुठींत घट्ट धरून बसायची. गारठ्याचा चहा होई, दाढी होई, तरी हिचं आपलं पेन मुठीतच.

"घाबरट! पडदे लावायला खिडकीच्या कठड्यावर चढायचीस, आणि एवढ्याशा सुईला भितेस?"

"भिते हो. तुम्ही जा कामाला."

तो हसत निघून जायचा. तिला भीती वाटते, याचंही त्याला कौतुक वाटायचं. घरी आल्यावर मात्र तो चोरून बघायचा, की तिचा हात फळीवरच्या डब्याला लागतो का. आधी बोटं पोचत. मग टाचा उचलाव्या लागल्या. मग तीच एकदा म्हणाली, "डबा ओट्यावरच राहू दे की." तो मुकाट्याने पुन्हा वर ठेवू लागला, स्टुलावर चढून, ती झोपल्यावर. औषधाला वेळ लागतो, असं तो स्वतःला बजावत राहिला.

पुढचा मणका चपलेत पाय घालताना गेला. त्याच्या मागोमाग आणखी एक. तिची मान पुढे आली, पाठ वाकली ती वाकलीच. पडद्यांच्या दुकानातून तिची कात्री आणि टेप घरी आली. डॉक्टर चक्रावले. औषधाने एवढी तरी साथ द्यायला हवी होती, म्हणाले, आणि टोचणं नीट होतंय का ते बघायला त्यांनी नर्सला घरी पाठवलं.

नर्स मध्यमवयीन, शांत बाई होती. तिने शिडीची पाठ चाचपली, सुया पाहिल्या. "पेन कुठे ठेवता?"

"या, दाखवतो," म्हणत गारठ्याने छोट्या फ्रीजचं दार उघडलं आणि बाजूला झाला. इतकं सगळं होऊनही त्याचा चेहरा उजळला होता.

नर्सने पेन उचललं, खिडकीकडे धरलं, हळूच तिरकं केलं. आतलं औषध हललं नाही.

"हे गोठलंय, काका."

"गार आहे. गारच ठेवायचं ना?"

"गार, पण गोठू द्यायचं नसतं. गोठलं की त्यातलं औषध बिघडतं. मग वितळवून टोचलं तरी उपयोग नाही." तिने पेन खाली ठेवलं. "पहिल्यापासून इथेच होतं?"

गारठ्याने फ्रीजचं दार लावून टाकलं. आयुष्यभर परक्या बायकांना टोमॅटोंवरून झापलं होतं त्याने. नर्स नवीन औषधाचं काहीतरी सांगत होती, स्वयंपाकघरातला साधा फ्रीज चालेल, दारातला कप्पा चालेल. त्याला ते ऐकू येत होतं, पण पोचत नव्हतं.

नर्स गेल्यावर तो पलंगाशी जमिनीवरच बसला. ती उशांना टेकून होती. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला होईना.

"मी गोठवलं ते," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

"ऐकलं मी."

"तुला टोचताना काही कळलं नाही?"

ती बोटाने चादरीची शिवण चाचपू लागली. "खटका दाबला जायचा नाही. म्हणून तर मुठीत धरून बसायचे. वितळेपर्यंत."

"अगं, मग बोलायचं ना! एका शब्दाने बोलायचं!"

"बोलणार होते. पहिल्याच दिवशी. पण तुम्ही त्या फ्रीजपुढे असे उभे होतात..." तिने शिवण मुठीत आवळली. "आणि मला वाटलं, असंच लागत असेल. थंडीतलं तुम्हाला कळतं, मला काय कळतंय? इतक्या वर्षांत मी कधी विचारलंय तुम्हाला?"

तो ढसाढसा रडला. एवढं तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी त्याच्याकडे एक शिवी नव्हती, स्वतःला घालायलासुद्धा नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी उभ्याने ठेवायची, आता त्याला त्यासाठी जमिनीवर बसावं लागत होतं.

संध्याकाळी त्याने छोट्या फ्रीजची पिन काढली. त्याची घरघर थांबल्यावर खोली ओळखू येईना. बर्फाच्या बाटल्या वितळल्यावर मोरीत ओतल्या, पेनं पिशवीत गुंडाळून ठेवली. नवीन औषध आलं, ते दुधाच्या पिशवीशेजारी दारात बसलं. त्या औषधाने उरलेले मणके वाचतील, डॉक्टर म्हणाले. गेलेल्यांबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, आणि याने विचारलं नाही.

त्यानंतर तो तिला शिडी म्हणेनासा झाला. नुसतं "अगं" म्हणायचा. बोलताना तिच्या तोंडाशी यायला त्याला वाकावं लागे. जन्मभर मान वर करून बोललेल्या माणसाला ते वाकणं जमत नव्हतं.

एका सकाळी ती काठी टेकत स्वयंपाकघरात आली. तो ओट्यापाशी उभा होता, फळीवरच्या डब्याकडे बघत. खाली घ्यायचा त्याला धीर होत नव्हता, आणि वर ठेवायला आता कारण उरलं नव्हतं.

"चहा करणार ना?" ती म्हणाली. "चढा की. मी धरते."

"तू नको. तुझ्या पाठीला..."

"चढा म्हणते ना. शिडीने धरल्यावर पडला आहात का कधी?"

तो स्टुलावर चढला. तिने एका हाताने काठी आणि एका हाताने स्टुलाचा पाय पकडला. त्या पकडीत जोर नव्हता, हे त्याला कळत होतं. त्याने डबा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. डोळे वाहत होते, आणि खाली उतरलं तर ती बघेल असं त्याला वाटत होतं.

पण तिची मान आता वर होत नव्हती. ती त्याच्या पावलांकडे बघत होती.

"मिळाला का हो डबा?" तिने खालून विचारलं.

"मिळाला," तो म्हणाला. "मिळाला गं."

"मग उतरा. सावकाश."