पहाऱ्यावरची वीणा

देवाच्याच दारात उभं असताना देवानं माझ्या छातीतून रक्त का काढावं, हा प्रश्न मी बरेच दिवस रागानंच विचारत होतो. आयुष्यभर भजनात पुढे बसून चाल म्हणणारा माणूस मी. वाटूरच्या आसपासच्या गावांत माझ्या गळ्याचं नाव होतं आणि मलाही त्याचा थोडा माज होता. पोटासाठी जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडी सळयांच्या कारखान्यात जात होतो. त्यामुळे खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी धुळीवर बोट ठेवलं. संध्याकाळी कणकण यायची, पँट कमरेवर राहीना, तरी मीही धुळीलाच शिव्या देत बसलो.

त्यातच गावचा सप्ताह आला. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, हा आमचा नेम. माझा पहारा दुपारचा. जेवणं उरकून माणसं पांगली होती आणि माझ्यानंतर उभा राहणारा गडी परतूरच्या बाजारात कापूस घेऊन अडकला होता. उभ्या उभ्या उबळ आली आणि तोंडात खारट चव पसरली. नामाला खंड नको म्हणून मी ते गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. वीणा खाली ठेवता येईना आणि कुणाला हाक मारण्याइतका दम उरला नव्हता.

मंडपाच्या कडेला रांजणावर एक मेंढपाळ पाणी पीत होता. खांद्यावर घोंगडी, गळ्यात तुळशीची माळ. त्याला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो सरळ माझ्यापाशी आला.

“महाराज, तुम्ही रगत गिळून राह्यले. आणा ती वीणा इकडं.”

“खंड पडंल,” मी कसंबसं म्हणालो.

“न्हाई पडत. देवाचं नाव काय तुमच्या एकट्याच्या छातीवर चालू हाय का? जल्दी दवाखाना गाठा.”

वहाणा काढून, हातपाय धुऊन त्यानं वीणा गळ्यात घेतली आणि माझ्या तोंडचं नाम पुढं चालू केलं. मी तिथंच खाली बसलो. निरोप मिळताच बायको धावत आली आणि तिनं मला रिक्षात घालून परतूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी फोटोतली काळी पोकळी दाखवली. त्या म्हणाल्या, “काका, तुमच्या शरीरानं जंतूंभोवती पेशींचं कडं घालून त्यांना कोंडलं होतं. बरेच दिवस धरूनही ठेवलं. मंग कड्याच्या आतला भाग सडला अन् फुटला. ही पोकळी एकट्या जंतूंनी न्हाई केली. तुमच्या शरीरानं जी झुंज दिली, त्या झुंजीतही फुफ्फुस जळलंय.”

मी कारखान्यात होतो, भजनात होतो, झोपेत होतो, तेव्हाही कुणीतरी माझ्यासाठी आत लढत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ती लढाई मी लावली नव्हती. नुसत्या माझ्या हट्टानं ती जिंकताही येणार नव्हती. त्या दिवसापासून गोळी मी प्रसादासारखी हातावर घेतली आणि कोर्स पुरा केला. घरच्यांची तपासणी झाली, कुणाला लागण नव्हती. पांडुरंगाची कृपा, दुसरं काय म्हणू?

चालता येऊ लागल्यावर मी त्या मेंढपाळाला शोधलं. ज्यांच्या रानात मेंढरं बसली होती ते म्हणाले, कळप केव्हाच पुढं हालला. दुसऱ्या गड्यानं येऊन वीणा घेईपर्यंत तो जागचा हलला नव्हता, एवढं मंडळींनी सांगितलं. त्याचं नाव कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. ही रुखरुख जात नाही.

जंतू मेले, पण फुफ्फुसात वण राहिला. लांब तान आता निघत नाही. माझ्या गळ्याबद्दल अजून जीव हळहळतो, एकटा असलो की डोळे भरतात. तरी भजनाला जातो. परवा एकादशीला मंडळींनी मलाच आग्रहानं अभंग उचलायला लावला. अर्ध्या ओळीत श्वास संपला. मी लाजून मान खाली घातली, तोवर सगळ्या मंडपानं ती ओळ पुढं नेली होती. मी नुसता टाळ वाजवत राहिलो आणि अभंग पुरा झाला.