आमच्या घराची दुसरी पाहणी

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मदन महल भागातल्या आमच्या घरी पाहणी झाली. मूल दत्तक घेणाऱ्यांच्या घरी सोशल वर्कर येते, घर बघते, माणसं बघते आणि रिपोर्ट लिहिते... आमच्याकडे ही दुसरी वेळ होती.

पहिल्या वेळी हे होते. साडेतीन वर्षं झाली त्याला. वेटिंग लिस्टमध्ये नाव लागलं आणि आम्ही दोघं वाट बघायला लागलो. फॅक्टरीतून आले की यांचा पहिला प्रश्न, "आज काही आलं का?" जणू पोस्टमन एक दिवस पिशवीतून बाळच काढून देणार होता...

मग गेल्या वर्षी हे गेले. तीन दिवसांचा ताप, बस.

मधल्या काळात दत्तकाची व्यवस्थाही बदलली होती. आमची फाइल ज्या संस्थेत होती ती बंद झाली आणि कागद सिविल लाइंसच्या जिल्हा कार्यालयात गेले. शेवटचा आदेश आधी कोर्टातून यायचा, आता कलेक्टरकडून येतो. तिथले बाबू स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मैडम, अब फॉर्म सिंगल में बदलेगा. घर की जाँच भी दोबारा होगी."

"लिस्ट से नाम हट जाएगा क्या?" मी विचारलं.

"वो तो रिपोर्ट पर है."

'सिंगल'च्या चौकोनात खूण करायला मला फार वेळ लागला. बाबूंनी घाई केली नाही. बाहेर व्हरांड्यात ऊन पडलं होतं, त्यात धुळीचे कण तरंगत होते... मी तिथेच बसून राहिले. कुठल्यातरी गावात ते मूल आत्ता दुपारचं झोपलं असेल, असं वाटत होतं. आणि इथे आपल्याबद्दल काय चाललंय, हे त्याच्या गावीही नाही.

पाहणीच्या दिवशी माझी नणंद शुभा सकाळीच कांचघरहून आली. तिने पडदे बदलले, उशांचे अभ्रे बदलले. मग स्टुलावर चढून यांचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवला.

"काहून काढून राहिली?" मी विचारलं.

"वहिनी, रडकं घर दिसलं तर कोणी बाळ देईल का? एक दिवस दादा कपाटात राहील. त्याला काय, तो सगळीकडे ॲडजस्ट करायचा."

मला हसू आलं. मी नुसतं स्टूल उचलून जागेवर ठेवलं. तशी मी बोलतच नाही फारशी.

अकरा वाजता सोशल वर्कर दीदी आली, हातात हेल्मेट, वय असेल पंचवीस-सव्वीस. जुन्या संस्थेच्या बाई आम्हाला चांगल्या ओळखायच्या. हिने यांना कधी पाहिलंच नव्हतं. ती प्रश्न विचारत होती आणि मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. जी. नहीं. ठीक है...

शुभा स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी खुणा करत होती. दीदीचं पेन बराच वेळ कागदावर हललं नाही. सगळं हातातून निसटतंय हे मला कळत होतं.

शेवटी तिने जुनी फाइल उघडली. पहिल्या पाहणीत आमच्या दोघांशी वेगवेगळं बोलणं झालं होतं. हे आतल्या खोलीत काय बोलले, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आपके पति से पूछा था कि किस बात का डर लगता है," दीदी म्हणाली आणि वाचायला लागली. "मेरी पत्नी बहुत कम बोलती है. बच्चा बोलना किससे सीखेगा? इसलिए बोलने का डिपार्टमेंट मैं सँभालूँगा."

शुभा दारातच फिसकन हसली आणि मग तिने ओढणी तोंडाला लावली.

दीदीने फाइल मिटली. "तो अब ये डिपार्टमेंट कौन देखेगा, भाभीजी?" तिचा आवाज कडक नव्हता. पण तिला उत्तर हवं होतं.

मी उठले. कपाटातल्या साड्या बाजूला करून फोटो काढला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "ये थे," मी म्हटलं...

त्यानंतरचं नीट सांगता येणार नाही. स्वप्नात आपण पाण्यावरून चालतो आणि पाय बुडत नाहीत, तसं काहीसं झालं. मी बोलत गेले. हे आंघोळ करता करता आतून मोठ्याने बातम्या द्यायचे, ते सांगितलं. भेडाघाटला संगमरवराचे कडे दाखवताना नाववाला कॉमेंट्री करायचा आणि हे त्यालाच दुरुस्त करायचे, ते सांगितलं. दर रविवारी बाळाचं नवं नाव ठरायचं आणि पुढच्या रविवारी रद्द व्हायचं, तेही. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत... शुभा चहा आणायचीच विसरली.

दीदी लिहीत राहिली. जाताना म्हणाली, "फोटो छुपाना मत. बच्चे को पहले दिन से मालूम होना चाहिए कि पापा कौन थे."

शुभा खाली बघत राहिली. दीदीची गाडी गल्लीबाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "वहिनी, मला तर वाटे, देवाने तुमच्यात आवाजच नाही बसवला."

परवा मेसेज आला. रिपोर्ट मंजूर झाला, लिस्टमध्ये नाव कायम आहे. आता माझं एकटीचं.

त्या दीदीचं नाव मी इथे लिहीत नाही, पण तिचे आभार मानायचे होते. इतके महिने लोक येऊन माझं सांत्वन करून गेले. तिने मला विचारलं...

अजून किती थांबावं लागेल, ते कोणी सांगत नाही. मीही विचारत नाही. संध्याकाळी गच्चीवर बसले की वाटतं, ते मूल कुठेतरी आत्ता झोपेतून उठत असेल, डोळे चोळत असेल. त्याला यायला वेळ लागला तरी चालेल. सांगायचं साठत चाललंय.