नाव लिहिलेली खुर्ची

"यांना काहीही बोला, राग येत नाही. बोलून बघा."

आमच्या प्रकल्पप्रमुखांनी प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंना हे सांगितलं आणि मला पुढे बोलावलं. रत्नागिरीतल्या एका हॉटेलचा हॉल. समोर कंपनीची तीसेक माणसं. विषय होता, प्रकल्प चालवताना लागणारी भावनिक बुद्धिमत्ता. बाई म्हणाल्या, छोटं नाटक करू. साहेब चिडलेले ग्राहक होतील, मी त्यांना शांत करायचं.

साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. खिशात हात घालून समोर उभे राहिले.

"तुम्हा लोकांना खुर्ची सवलतीत मिळते हो. अक्कल सवलतीत मिळत नाही."

हॉल हसला. मीही हसलो. सवयीने. मान जरा वाकवली आणि म्हणालो, सर, तुमचा त्रास मी समजू शकतो.

टाळ्या पडल्या. बाई खूश. साहेब म्हणाले, मागच्या महिन्यात बायकांनी काम बंद पाडलं तेव्हा यांनीच अर्ध्या तासात मिटवलं. तेही सांगा सगळ्यांना.

ते मी कसं मिटवलं, ते इथे सांगतो.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या शीतगृहाचं बांधकाम चालू आहे. मी तिथला समन्वयक. ठेकेदार, मजूर आणि कंपनी यांच्यामध्ये मी. स्लॅबला पाणी मारायला, खडी-वाळू उचलायला मी आमच्या बौद्धवाडीतल्या अकरा बायका आणल्या होत्या. त्यांची पुढारी माझी चुलत वहिनी, सुनंदा.

एका दुपारी वहिनी हजेरीचा कागद द्यायला ऑफिसात आली. ऊन फार होतं. तिला घेरी आली. समोर साहेबांची खुर्ची रिकामी होती, ती बसली. दोन मिनिटं. तेवढ्यात साहेब आले. तिला काही बोलले नाहीत. ती उठून बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "खुर्ची धुऊन घ्या."

मी खुर्ची अंगणात नेली. स्लॅबला पाणी मारायचा पाइप होता, तोच धरला. वहिनी नळापाशी तोंडावर पाणी मारत होती. तिने वळून बघितलं. मी पाइप खाली ठेवला नाही. पाय धुतले, पाठ धुतली, हातही धुतले खुर्चीचे. नीट धुतली. माझी कामं नीटच असतात.

दुसऱ्या दिवशी स्लॅब ओतायचा होता. काँक्रीटच्या गाड्या फाटकाशी उभ्या, आणि अकराच्या अकरा बायका वाळूच्या ढिगावर बसून राहिल्या. साहेब म्हणाले, "तुमची माणसं आहेत, तुमच्या भाषेत समजवा."

मी समजावलं. कुणाच्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, कुणाचा नवरा मुंबईहून कायमचा परत आलाय, कुणाला पुढच्या ठिकाणी काम मिळेल की नाही याची धास्ती आहे, सगळं मला ठाऊक होतं. वाडीत वाढलोय मी. एकेकीजवळ बसलो आणि जिथे दुखतं तिथेच हळूच बोट ठेवलं. आवाज न चढवता. अर्ध्या तासात दहा जणी उठल्या. वहिनी उठली नाही. ती घरी गेली आणि तिने कंपनीकडे लेखी तक्रार केली.

साहेबांनी माझा जबाब मागितला. मी लिहून दिलं की खुर्चीला ओलं सिमेंट लागलं होतं, म्हणून धुतली. खाली सही केली. तक्रार बंद झाली. अहवालात मीच शब्द टाकला, गैरसमज.

त्यानंतरच्या रविवारी विहारात वंदनेला गेलो. सगळे सतरंजीवर बसलेले. मी बसायला वाकलो तशी वहिनी उठली. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची तिने आणली आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"भावजींना खुर्ची लागते," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी हात जोडले, म्हणालो, वहिनी, असं नको. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भावजी, हापिसात तुमच्या एकट्याच्याच खुर्चीवर नाव कशाला लिवलाय, तुमाला कलत नाय?"

ऑफिसात सहा खुर्च्या. सगळ्या सारख्या. नाव फक्त माझ्या खुर्चीच्या पाठीवर, काळ्या मार्करने. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात लिहून घेतलं होतं. मी बायकोला फोटो पाठवला होता त्याचा. मान वाटला होता मला. मी रजेवर असलो तर लोक उभे राहायचे, पण त्या खुर्चीवर बसायचे नाहीत. हेही मी पाहिलं होतं. दीड वर्ष पाहिलं होतं.

त्या दिवशी घरी आलो. साहेबांची शिसारी नंतर आली. आधी माझीच आली.

त्यानंतर चारच दिवसांनी हा हॉल, हे नाटक. टाळ्या थांबल्यावर बाईंनी मला विचारलं, आता मनात काय भावना आहे, मोकळेपणाने सांगा.

"घाण वाटतेय," मी म्हणालो. "त्या खुर्चीला सिमेंट लागलं नव्हतं. आमची बाई बसली, म्हणून यांनी ती धुवायला लावली. आणि मी धुतली."

बाई साहेबांकडे बघायला लागल्या. साहेब अजून हसतच होते. "आपण नंतर बोलू," म्हणाले.

"नंतर नाही," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

रिक्षा करून मिरजोळ्याला गेलो. माझ्याच खुर्चीवर बसून नवा जबाब लिहिला. पहिली ओळ अशी: याआधी मी सही केलेला जबाब खोटा आहे. एक प्रत कंपनीत दिली, पोच घेतली. दुसरी वहिनीकडे नेली. तिने मला बस म्हटलं नाही. दारातच उभी राहून सगळं वाचलं.

"कोर्टात बोलाल ह्या?"

"बोलेन."

"बगू," म्हणाली आणि कागद घेऊन आत गेली.

नोकरी जाईल. साहेबांनी तसं सांगितलंच आहे, गोड शब्दांत. वाडीतही मला कुणी माफ केलेलं नाही, करायचं कारणही नाही. पण जिथे जिथे विचारतील तिथे मी सांगणार आहे, पाइप मी धरला होता. आणि धरायला कुणी लावला, त्याचं नावही घेणार आहे. मान न वाकवता.