बांधावर मुरूम टाकताना

शिंदखेड्याजवळ आमचं शेत आहे. त्यातलं शेततळं गोठ्याच्या वरच्या अंगाला. त्या दुपारी माझे सासरे, नाना, तिकडूनच हाका मारत आले.

"बेटा, बांध गळी राहिना!"

मी धावले. बांधाच्या पायथ्याशी मनगटाएवढी धार लागली होती आणि पाणी गढूळ होतं. म्हणजे आतली माती वाहून चालली होती. तळं काठोकाठ भरलेलं. सकाळपासून लाइट नसल्यामुळे मोटर लावून पाणी उपसताही येईना. खाली गोठ्यात जनावरं, त्याच्या खाली आमचं घर.

मिस्टर नोकरीसाठी जळगावला, पिंप्राळ्यात राहतात. फोनवर म्हणाले, "जेसीबीवाल्याला सांगतो, पण संध्याकाळ होईल." तेवढा वेळ बांध टिकला नसता. नानांनी जनावरं सोडून वरच्या रानात हाकलली आणि मी आमचा छोटा ट्रॅक्टर काढला.

त्याला पुढे लोडर आहे. शेण भरायला, खत पसरायला मीच तो चालवते. भरलेली बकेट पुढे असली की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागच्या लिफ्टला सिमेंट भरलेला ड्रम अडकवायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ड्रम शेडमागे होता. अडकवायला दहा मिनिटं लागली असती. मी तशीच निघाले.

मुरमाचा ढीग टेकाडावर होता. तिथून बांधाच्या पायथ्याशी उतरती वाट जाते. खाली नाना मातीच्या गोण्या रचत होते. पहिली खेप नीट पडली. दुसऱ्या वेळी मी बकेट शिगोशीग भरली आणि वाटेतल्या दगडांना लागू नये म्हणून उंच उचलून धरली. उतार अर्धा संपला असेल, तेवढ्यात सीटखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. मागचं डावं चाक जमिनीवरून उचललं गेलं होतं.

मी ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. ब्रेक मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर भारच नव्हता. ट्रॅक्टर खडीवरून घसरत सरळ नानांकडे निघाला. त्यांची माझ्याकडे पाठ होती.

"नाना!"

ते वळले आणि जागच्या जागी उभे राहिले. गोण्यांमुळे त्यांना बाजूला सरकायला जागाच नव्हती. माझा हात आपसूक लोडरच्या दांड्यावर गेला. मी तो पुढे ढकलला. बकेट खाली गेली, तिची कड जमिनीत रुतली, ट्रॅक्टरने एक जोरदार हिसका दिला आणि थांबला. मागचं चाक धाडकन खाली आलं. बकेट आणि नानांच्या गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर होतं.

मी इंजिन बंद केलं.

"माले काय नई व्हयनं," नाना म्हणाले. "तुले लागनं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. मागे धार तशीच वाहत होती.

रडायला वेळ नव्हता. मी मुरूम तिथेच ओतला, ट्रॅक्टर शेडमागे नेला आणि ड्रम अडकवला. दहा मिनिटं लागतील असं वाटलं होतं, चारच लागली. मग बकेट निम्मीच भरली, जमिनीपासून हातभर वर ठेवली आणि उतारावर ट्रॅक्टर उलटा, रिव्हर्समध्ये उतरवला, म्हणजे भरलेली बकेट चढाच्या बाजूला राहिली. नानांना मी बांधाच्या वर उभं केलं. ते तिथून हाताने खूण करायचे. मी खाली सपाटीवर वळून मुरूम ओतून थांबल्यावरच ते गोण्या रचायला उतरायचे.

बाराव्या-तेराव्या खेपेला धार बोटाएवढी झाली. आणखी काही खेपांनी पाणी नुसतं झिरपू लागलं, तेही नितळ. ऊन कलताना लाइट आली आणि मोटर सुरू झाली. जेसीबीची गरजच उरली नाही.

नानांनी मुलाला फोनवर एवढंच सांगितलं, "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं ठीक आहे. बाकीचं मी रविवारी मिस्टर घरी आल्यावर सांगितलं.

त्यानंतर आठवडाभराने नाना शेडमध्ये आले आणि लोडरच्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई माले शिकाड." आजवर ते त्या सीटवर कधी बसले नव्हते. मी त्यांना अंगणातल्या सपाट जागेवर बसवलं. तिसऱ्याच वेळी त्यांनी भरलेली बकेट डोक्याच्या वर नेली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी सासऱ्यांवर ओरडले.

त्यांनी मुकाट्याने ती खाली घेतली.